वकीलबाईंनी पास केलेलं मशीन

आमच्या घरात एक नियम आहे: मोठ्या बाबांनी मशीन उघडलं, की ‘काहून’ विचारायचं नाही.

हा नियम मला कळला तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि ते मिक्सर उघडून बसले होते. “काहून उघडला?” म्हणजे ‘का उघडला’, एवढंच मी विचारलं, तर आईनं मला उचललं आणि थेट आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. जणू मी विजेच्या उघड्या तारेला हात लावला होता! त्या मिक्सरनं पुन्हा कधी चटणी वाटली नाही. तो आजही उन्हाळ्यात आमच्या कूलरला पाणी चढवतो.

तर बसा. चहा घ्या. मी जी हुशारी करून ठेवली आहे ना, ती आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, तशीही सगळ्यांना माहीत आहे, आणि जो तो आपापल्या परीनं वाढवून सांगतो. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. वाढवेन मीही थोडं, पण जे वाढवेन ते माझ्याच विरुद्ध असेल, एवढी खात्री बाळगा.

मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. तीस वर्षं एका कारखान्यात फिटर होते. डाव्या हाताची करंगळी अर्धी आहे, आणि कुठल्याही मशीनकडे बोट दाखवायचं असलं की ते नेमकी तीच दाखवतात. त्या करंगळीबद्दलही ‘काहून’ विचारायचं नाही. फार लहानपणी मी विचारलं होतं. “मशीननं घेतली. मी माफ केलं मशीनले,” असं म्हणाले आणि हसले. आम्हा पोरांना ते फार शूर वाटलं होतं.

उमरेड रोडवरच्या आमच्या लेआउटमध्ये यंदा पावसाळा संपता संपता गाजरगवत कमरेपर्यंत आलं. मग मोठ्या बाबांनी गवत कापायचं पेट्रोलवरचं मशीन आणलं. लांब दांडा, एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला गरगर फिरणारी नायलॉनची दोरी. उडालेला खडा पायावर येऊ नये म्हणून दोरीच्या मागे प्लॅस्टिकचं कवच. दांड्यावर एक खटका, तो दाबून धरला तरच मशीन फिरणार, सोडला की थांबणार. वर खांद्याला अडकवायला पट्टा. कोणीतरी डोकं लावून बनवलेली वस्तू होती हो!

आमच्या घरात ती अडीच तास टिकली.

मी कोर्टातून आले तेव्हा व्हरांड्यात मोठे बाबा पाना घेऊन बसले होते आणि कवच बाजूला पडलं होतं.

“मोठे बाबा, हे काहून काढलं?”

“प्रांजू!” स्वयंपाकघरातून आईचा आवाज आलाच. मी आता पाच वर्षांची नव्हते आणि मला उचलून नेणं तिला शक्य नव्हतं, म्हणून नुसता आवाज.

“गवत अडकते त्याच्यात,” मोठे बाबा म्हणाले.

“आणि दोरीच्या जागी ही चकती कुठून आली?”

“फर्निचरवाल्याकडून. दोरीनं गाजरगवताले गुदगुल्या होते फक्त.”

“अहो, ही लाकूड कापायची आहे!”

“मंग? लाकूड कडक का गवत कडक? जे लाकूड कापते ते गवत नाही कापणार का?”

सांगा आता, याला उत्तर काय? पाच वर्षं कायदा शिकले, पण या युक्तिवादाला कुठल्याच पुस्तकात उत्तर नव्हतं.

“आणि खटक्यावर ही सायकलच्या ट्यूबची पट्टी?”

“बोट दुखते सारखं दाबून. आता सोडून दिलं तरी चालू राह्यते. एकदम आराम.”

“सोडल्यावर थांबावं म्हणूनच तर खटका दिलाय ना त्यांनी! पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय.”

“पुस्तक लिहिणाऱ्यानं आपलं लेआउट पाह्यलं का? मले मशीन शिकवून राहिली तू? तीस वर्ष काढले मी.”

पुस्तिका तोवर दिवाणाच्या आखूड पायाखाली गेली होती. पट्टा मोठ्या बाबांच्या प्रवासाच्या बॅगेला लागला होता, कारण बॅगेचा तुटला होता. आणि कवच मोठ्या आईनं, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोनं, उचललं, उलटं केलं, दारातला कचरा त्यात भरून पाहिला आणि खूश होऊन म्हणाली, “पाह्य ना वं, किती मस्त भरते! सुपलीपेक्षा बरं.”

म्हणजे मशीनचा एकेक सुरक्षित भाग आमच्या घरात कामाला लागला. फक्त मशीनवर एकही राहिला नाही.

बाबांना म्हटलं, तुम्ही तरी बोला. बाबा बँकेत अधिकारी होते, शंभर लोकांना सह्या कुठे करायच्या ते दाखवायचे. ते पेपर खाली न करता म्हणाले, “मोठे आहेत ते. आणि तुले काय करायचं आहे? तू काय गवत कापणार आहे?”

इथे मी चिडले. आणि चिडले की मला वाटतं मी फार हुशार आहे. इथूनच पुढचं सगळं झालं.

मला वकिलीची सनद मिळून दोनच महिने झाले होते. एक रबरी शिक्का करून घेतला होता: ‘ॲड. प्रांजली’, खाली सनद क्रमांक, जांभळी शाई. त्या शिक्क्याला काडीचं काम नव्हतं. ज्या मॅडमकडे मी ज्युनिअर आहे त्या मला फक्त तारखा घ्यायला पाठवायच्या. शिक्का उमटतो कसा ते पाहायला मी तो घरी दुधाच्या पिशवीवरही मारला होता. तर म्हटलं, ठीक आहे. तोंडानं ‘काहून’ विचारायचं नाही ना? कागदावर विचारते. असा कागद लिहिते की वाचून यांची झोप उडेल.

आणि लिहिला. मसुदा मला अजून पाठ आहे, विसरायचा प्रयत्न करूनही:

‘सूचना. सदर यंत्राचे संरक्षक आवरण, मूळ पाते व सुरक्षा खटका यांमध्ये यंत्रमालकाने हेतुपुरस्सर व संपूर्ण माहितीनिशी फेरफार केलेले आहेत. सदर फेरफारांमुळे गंभीर शारीरिक इजा संभवते. वापरकर्त्याने सदर यंत्र सर्वस्वी स्वतःच्या जोखमीवर हाताळावे. उद्भवणाऱ्या परिणामांस यंत्रमालक जबाबदार राहणार नाहीत.’

खाली माझी लांबलचक सही. त्यावर शिक्का. ‘हेतुपुरस्सर व संपूर्ण माहितीनिशी’ या शब्दांवर तर मी इतकी खूश होते की ते दोनदा मोठ्यानं वाचले.

मोठ्या बाबांनी चष्मा लावून कागद वाचला. दोनदा वाचला. मी हाताची घडी घालून उभी. आता भडकतील, मग मी युक्तिवाद करीन, मग कवच परत लागेल, असा माझा हिशेब.

“मस्त लिहिलं,” ते म्हणाले. “संरक्षक आहे, सुरक्षा आहे, सगळं आलं. शिक्का भारी उमटला वं!”

आणि दुसऱ्या दिवशी लॅमिनेशन करून, भोक पाडून, तारेनं तो कागद मशीनच्या दांड्याला बांधला!

तुम्ही म्हणाल, तेव्हाच तो काढायचा होता. बरोबर आहे. पण माझ्या लेखणीचं आयुष्यातलं पहिलं लॅमिनेशन होतं हो ते! मी त्याचा फोटो काढला.

पुढच्या पंधरा दिवसांत ते मशीन आमच्या लेआउटमध्ये प्रसिद्ध झालं. “ते कागदवालं मशीन द्या जरा,” म्हणून लोक यायचे. बाजारात भाड्यानं मिळणारी मशीनं होती, पण त्यांना कागद कुठे होता? लेआउटचे अध्यक्ष भोयर काका एका सकाळी मला फाटकातच गाठून म्हणाले, “पोरी, आमच्या गिझरलेही असाच एक कागद दे ना. करंट मारते कधी कधी, सूनबाई घाबरते.”

मला काय वाटावं? मला वाटलं, लोक जागरूक होत आहेत! मी तिथल्या तिथे लिहून दिलं. ‘सदर गिझरमधून विद्युत धक्का संभवतो’, वगैरे. सही, शिक्का. भोयर काकांनी तो न्हाणीघराच्या दाराला चिकटवला आणि चार दिवसांनी मला सांगितलं, “चांगलं झालं बाई, सूनबाईची भीती गेली.”

तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. लख्ख अंधार.

फक्त एक माणूस त्या मशीनला हात लावत नव्हता. श्यामराव. पन्नाशीचे आहेत, आमच्या लेआउटमधल्या पाच-सहा घरांची बाग तेच सांभाळतात. मोठ्या बाबांनी त्यांना दोनदा बोलावलं, दोनदा ते हात जोडून म्हणाले, “बाबूजी, माझा विळा बरा. विळा थांब म्हटलं का थांबते.”

“भित्रा आहे,” मोठे बाबा म्हणाले.

मग कोजागिरी आली. लेआउटच्या मैदानात दूध आटवायचं होतं, खुर्च्या मांडायच्या होत्या आणि मैदानात गवताशिवाय काही नव्हतं. दोन दिवस आधी, रविवारी सकाळी, भोयर काका, मोठे बाबा आणि आणखी तीन-चार ज्येष्ठ तिथे सूचना द्यायला जमले. सूचना द्यायला आमच्याकडे माणसं कधी कमी पडत नाहीत. मी घसरगुंडीजवळच्या बाकावर बाबांशेजारी पोह्यांची प्लेट घेऊन बसले होते.

“श्यामराव, विळ्यानं दिवाळी येऊन जाईन,” भोयर काका म्हणाले. “घ्या ते मशीन.”

श्यामरावांनी मशीनकडे पाहिलं. मग तारेला बांधलेला तो कागद हातात घेतला, उलटा होता तो सुलटा केला आणि ओठ हलवत वाचायला लागले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पंधरा दिवसांत तो कागद खरोखर वाचणारा हा पहिला बाहेरचा माणूस. वाचून झाल्यावर त्यांनी शिक्क्यावर अंगठा फिरवला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

आणि मी मान हलवली. हसलेसुद्धा. ‘शाब्बास, असंच वाचून घ्यावं माणसानं’, या अर्थानं.

श्यामरावांनी मशीन उचललं.

पाच मिनिटं झकास चाललं. मोठे बाबा अर्ध्या करंगळीनं ‘इकडून घे, तिकडून घे’ करत होते. मग गवतात कुठेतरी बांधकामातली जुनी सळई दडलेली होती, तिच्यावर चकती आदळली. असा आवाज आला की माझी प्लेट उडाली. दांडा झटका देऊन मागे आला, श्यामरावांच्या हातातून सुटला आणि जाता जाता चकती त्यांच्या डाव्या पायावरून गेली. ते पाय धरून खाली बसले.

मशीन मात्र बसलं नाही! खटका बांधलेला होता ना, ‘एकदम आराम’! ते एकटंच गवतात गोल गोल फिरायला लागलं. माझा कागद त्याच्या मागे भिरभिर. बाबा श्यामरावांना काखेत धरून ओढत होते, मी ओढणी त्यांच्या पायाला गुंडाळत होते, आणि आमचे सगळे ज्येष्ठ सल्लागार कुठे होते? घसरगुंडीवर! भोयर काका सगळ्यात वर. त्या वयात इतक्या चपळाईनं चढताना मी माणूस पाहिलेला नाही. त्यांच्यातले एकटे मोठे बाबा खाली उभे होते आणि मशीनला ओरडत होते, “थांब! अबे थांब!”

विळा असता तर थांबला असता.

पेट्रोल संपल्यावर ते थांबलं. तोवर आम्ही भोयर काकांच्या गाडीतून धंतोलीतल्या दवाखान्याच्या वाटेला लागलो होतो. तिथे डॉक्टरांनी विचारलं, “कशानं झालं?” तेवढ्यात बाबांच्या फोनवर मोठे बाबा, आवाज अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असा: “घसरून पडला म्हण! घसरून पडला म्हण!”

डॉक्टरांनी पायाकडे पाहिलं, मग फोनकडे. “घसरून पडल्यावर करवतीचे दात कसे उमटतात हो?”

दोन बोटांची हाडं तुटली होती. पाय वाचला. पण दोन-अडीच महिने जमिनीला टेकवायचा नाही, आणि पुढेही उकिडवं बसून काम करता येईल की नाही ते नंतर पाहू, म्हणाले. माळ्याला! श्यामरावांची बायको, सुमनबाई, म्हणाली, “मंग हे बसणार कसे वाफ्यात?”

घरी परत येताना मी आधी भोयर काकांकडे गेले, त्यांच्या सुनेला न्हाणीघरातून हाक मारून बाहेर काढलं आणि गिझरचं बटण बंद केलं. मग दारावरचा माझा कागद फाडला.

दुसऱ्या दिवशी घरात बैठक बसली. मोठे बाबा, बाबा, आई, मोठी आई. मला बोलावलं गेलं ते पहिल्यांदाच ‘ॲडव्होकेट’ म्हणून.

“कंपनीले नोटीस ठोक,” मोठे बाबा म्हणाले. “मशीन खराब दिलं.”

“मोठे बाबा, त्या मशीनमध्ये कंपनीचं आता इंजिन आणि स्टिकर उरलंय. आपण बदल केले, तिथे कंपनी मोकळी झाली.”

“मंग कागद आहे ना तुह्या हातचा! यंत्रमालक जबाबदार राहणार नाहीत. लिहिलं आहे ना तू?”

सगळ्यांचे चेहरे उजळले. खरं सांगते, माझाही उजळला. मी कागदाचा फोटो घेऊन मॅडमकडे गेले. वाटेत मनात म्हणत होते, बघा, वेळेला माझा कागदच कामाला आला.

मॅडमनी फोटो मोठा करून वाचला. आधी त्या हसल्या. चष्मा काढून डोळे पुसले, परत वाचला, परत हसल्या. मग हसायच्या थांबल्या, आणि ते जास्त वाईट होतं.

“‘हेतुपुरस्सर’ तू स्वतःच्या मनानं लिहिलंस?”

“हो मॅडम.”

“‘संपूर्ण माहितीनिशी’?”

“हो.”

“अगं, मालकाला धोका माहीत होता हे सिद्ध करायला समोरच्या वकिलाचे जोडे झिजतात. तू तर लॅमिनेशन करून दिलंस! आणि ‘आम्ही जबाबदार नाही’ असं लिहिलं की जबाबदारी जाते, हे तुला कोणी शिकवलं? माणसाचा पाय कापायची परवानगी असल्या कागदानं मिळत नसते. मशीनबाबतचा निष्काळजीपणा हा गुन्हा आहे, नुकसानभरपाई वेगळीच.”

“मॅडम, मग मी श्यामरावांच्या बाजूनं उभी राहते.”

“नाही राहू शकत.”

“मोठ्या बाबांच्या?”

“तेही नाही. या प्रकरणात तुझी जागा कोणती, ते आधी शोध. शोधून झालं की ये.”

मला वाटलं, त्या ऑफिसातल्या खुर्चीबद्दल बोलत आहेत. म्हटलं ना, लख्ख अंधार.

घरी येऊन मी सांगितलं की कागद आपल्याविरुद्ध आहे. अर्ध्या मिनिटात सगळ्यांचं मत फिरलं. मघापर्यंत ज्या कागदाची आरती ओवाळायची बाकी होती, तो आता जाळायचा होता. फोटोही पुसायचा होता. आणि श्यामरावांकडून दुसरा कागद घ्यायचा होता.

“गरीब माणूस आहे, समजून घेईन,” बाबा म्हणाले. किती सोयीचं असतं नाही, समजून घेण्याचं काम नेहमी गरीब माणसाकडे असणं!

दुपारी आम्ही पाचही जण फळं घेऊन श्यामरावांच्या घरी. एक खोली, एक पलंग, शेजारून मागून आणलेल्या खुर्च्या. पायाला प्लास्टर, खाली उशी. कोपऱ्यात विळा भिंतीला टेकवून ठेवलेला. आम्हाला पाहून ते उठायला लागले.

“राहू द्या, राहू द्या,” मोठे बाबा घाईनं म्हणाले. “कसं वाटते?”

“ठीक हाये बाबूजी.”

“तुम्ही तर मशीन घेतच नव्हते श्यामराव,” मोठी आई म्हणाली. “मंग त्या दिवशी काहून घेतलं?”

नियम फक्त आम्हा लहानांसाठी होता, हे लक्षात घ्या.

श्यामरावांनी माझ्याकडे पाहिलं. “कागद पाह्यला ना जी. अवघड लिवलं होतं, सारं नाही समजलं. पण संरक्षक होतं, सुरक्षा होतं, खाली वकिलाचा शिक्का. गाडी पास झाली का नाही देत का तसा कागद? तसंच वाटलं. तरी म्हटलं, खात्री करावं. बाईकडं पाह्यलं. बाईनं मान हालवली, हासल्या. मंग म्हटलं, चला, वकीलबाईनं पास केलं मशीन.”

ऐकलंत? अख्ख्या लेआउटमध्ये तो कागद काळजीनं वाचणारा एकच माणूस, आणि त्याचाच पाय कापला गेला. ज्यांनी वाचला नाही ते घसरगुंडीवर सुखरूप!

मला जमीन दुभंगून हवी होती. पण मोठ्या बाबांना वेळ नव्हता. त्यांनी माझ्या पिशवीतून कोरा कागद काढून माझ्यापुढे धरला.

“लिही वं.” आणि सांगायला लागले: “मी खाली सही करणार असे लिहून देतो की, सदर अपघात हा माझ्या स्वतःच्या चुकीमुळे व हलगर्जीपणामुळे झाला असून, त्यास मालक कोणत्याही प्रकारे जबाबदार नाहीत. त्याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही व भविष्यातही राहणार नाही.”

एका दमात. एक ‘मले’ नाही, एक ‘राहिली’ नाही. मोठे बाबा इतकं शुद्ध जन्मात बोलले नव्हते.

“मोठे बाबा,” मी विचारलं, “हे तुम्हाला इतकं पाठ कसं?”

उत्तर मोठ्या आईनं दिलं, पदराचं टोक पिळत.

“पाठ राहीनच ना वं. बोट गेलं तवा कारखान्यानं त्याइच्याकडून हेच लिहून घेतलं होतं. त्या मशीनचं बी कवच कोणंतरी काढून ठेवलं होतं. घरी येऊन आठ दिवस हेच बडबडत होते, माझ्या स्वतःच्या चुकीमुळे, माझ्या स्वतःच्या चुकीमुळे.”

“तू चूप राह्य,” मोठे बाबा म्हणाले. पण आवाजातलं मशीन बंद पडलं होतं.

“काय झालं त्याच्यात,” श्यामराव पलंगावरून म्हणाले. “मी करून देतो सही. बाई, तुम्ही लिहा. तुम्ही लिहिलं म्हणजे बरोबरच असन.”

परत! या माणसाचा माझ्या सहीवर अजूनही विश्वास होता! पायाला प्लास्टर, आणि तरीही! मी पेनाचं टोपण लावलं.

“मी नाही लिहिणार.”

“प्रांजू,” बाबा दबक्या आवाजात म्हणाले, “मोठ्यांसमोर…”

“मोठे तर घसरगुंडीवर होते बाबा. मी नाही लिहिणार, आणि माझ्या फोनमधला फोटो पुसणारही नाही. श्यामरावांची नोटीस मॅडम काढतील, मी त्यांना सांगणार आहे. जे घडलं ते सगळं मी सांगणार. नोटिशीत एक नंबरला मोठे बाबा.”

“घरच्या माणसाले नोटीस?” आईनं कपाळाला हात लावला.

मोठ्या बाबांनी आपल्या अर्ध्या करंगळीकडे पाहिलं. मग त्यांनी अगदी शेवटची आशा धरून विचारलं, “एक नंबरले म्हणते म्हणजे दोन नंबरले कोणी आहे. कोण आहे? कंपनी ना?”

तेव्हा कुठे मला मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. माझ्या वकिलीतलं पहिलं खरंखुरं प्रकरण, आणि त्यात माझी जागा.

“नाही,” मी म्हटलं. “दोन नंबरला मी.”

सुमनबाईनं चहाचा ट्रे आणता आणता दारातच धरून ठेवला. बाबांनी आईकडे पाहिलं, आईनं मोठ्या आईकडे, मोठ्या आईनं जमिनीकडे. मी वाट पाहत होते. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटत होतं की कोणीतरी विचारावं.

पण एकानंही ‘काहून’ विचारलं नाही.